खुंटा

हा घ्या. डावा नको, उजवा हात पुढे करा.

वीतभर लांब आहे. शिसवीचा, म्हणून आकाराच्या मानाने जड लागेल. खालचं टोक निमुळतं आहे, तिथे कुऱ्हाडीने तासल्याच्या खुणा आहेत आणि एका खाचेत हिरव्या लुगड्याची चिंधी अजून चिकटलेली आहे. वरचा भाग मात्र असा गुळगुळीत की त्यावर हात सरकतो. सुताराने घडवला तेव्हा तो सगळीकडून सारखाच गोल असणार. आता मूठ आवळून बघा. अंगठा आपोआप एका खळग्यात जाऊन बसतो. तो खळगा कुणी कोरलेला नाही. माझ्या आजीच्या अंगठ्याने तो पडला आहे.

पाहुणे विचारतात, हे काय म्हणून. लाटणं मोडलं का, असंही एकाने विचारलं होतं. जात्याचा खुंटा आहे, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मग जातं कुठाय? जातं गावी आहे, पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यातल्या आमच्या वाडीत. जुनं घर पाडलं तेव्हा त्याची वरची पाळी अंगणातल्या तुळशीपाशी ठेवली, खालची पायरीला लावली. मला त्या घरातलं दुसरं काही नको होतं. पिशवीत खुंटा टाकला, एसटीत बसले आणि पुण्याला आले.

तुम्ही तो धरलाच आहे, तर सोडू नका. डोळे मिटा आणि मूठ जरा घट्ट करा. आपण जाऊन येऊ.

1981 सालातला मे महिना. पहाटेचे चार वाजले आहेत, पण घरात घड्याळ नाही. कोंबडा आरवला म्हणजे चार. तुम्ही सात वर्षांचे आहात, मुंबईहून सुट्टीला आला आहात आणि वाकळीखालून उठून अंधारात भिंत चाचपत आवाजाच्या दिशेने निघाला आहात. पायांखाली सारवलेली जमीन गार लागते. रात्री विझवलेल्या चुलीच्या राखेचा वास येतोय आणि त्यात मिसळलेला दुसरा एक वास, थोडा मातीसारखा, थोडा भाजल्यासारखा. तो नाचणीच्या पिठाचा. दगडातून नुकतंच पडलेलं पीठ हाताला कोमट लागतं, हे शहरात वाढलेल्या तुम्हाला ठाऊक नाही.

चिमणीचा उजेड जात्यापुरताच आहे. आजी एक पाय लांब पसरून, दुसरा मुडपून बसली आहे. हिरव्या बांगड्या तिने कोपराकडे मागे सारल्यात. शेजारी सुपात नाचणी. डाव्या हाताने ती मूठभर दाणे उचलते, जात्याच्या तोंडात वैरण टाकते आणि तेवढ्यात उजवा हात फेरा पुरा करून परत येतो. दोन्ही हातांची कामं वेगळी, पण चुकामूक नाही.

ती वर न बघताच म्हणते, "उठलास व्हय लेकरा? ये, बस हितं. म्होरं बस."

तुम्ही समोर बसता. पाय कुठे ठेवायचे कळत नाही; ती तुमचा गुडघा धरून बाजूला करते.

"धर खुंटा. वर नगं, माज्या हाताखाली धर. आता वढ म्हनलं की वढायचं, सोड म्हनलं की ढिल द्यायची. जोर लावू नगंस. जातं आपसूक फिरतंया, त्येला निस्ती वाट दावायची."

तुम्ही जोर लावताच. सात वर्षांचं कुठलं पोर लावणार नाही? जातं अडतं, खुंटा हातात वाकडा होतो. ती रागावत नाही. कनवटीची चिंधी काढते, खुंट्याच्या बुडाला गुंडाळते, दगडाच्या भोकात तो पुन्हा ठोकून बसवते आणि या वेळी स्वतःचा तळवा तुमच्या मुठीवर ठेवते. तो तळवा आठवून बघा. पोट खरखरीत, बोटांच्या मुळाशी चार घट्टे, मनगटापासून वर गेलेलं गोंदण. चिमणीच्या उजेडात गोंदणाचा हिरवा रंग काळा दिसतो. मग जातं फिरू लागतं आणि तुमच्या लक्षात येतं की तुम्ही ओढत नाही आहात, तिच्या हाताबरोबर नुसते जात-येत आहात.

आणि मग ती ओवी धरते.

मी पुढे आयुष्यभर बरंच गाणं ऐकलं. सवाई गंधर्वच्या मांडवात थंडीत बसून ऐकलं. पण ही गाण्याची जात वेगळी. ओवीला ऐकणारा लागत नाही. दगडाच्या घरघरीवर ती अर्धी विरघळलेली असते, फेरा संपतो तिथे श्वास घेते, वैरण टाकताना क्षणभर थांबते आणि दाणे आत गेले की पुढची ओळ उचलते. पहिली देवाची. दुसरी पंढरीची. मग आईबापाची, मग भावाची. भावाला तर सासुरवाशिणीने किती सजवावं त्याला सीमा नसते. मग ज्या गोष्टी दिवसा कुणाला सांगता येत नाहीत त्या. नवरा मुंबईला मसजिद बंदरात माथाडी, वर्षातून दोनदा येणार, महिन्याच्या मनिऑर्डरीवर घर. आजी दिवसभरात यातला चकार शब्द काढायची नाही. पहाटे जात्याला सांगायची. महाराष्ट्रातल्या बायकांनी किती शतकं असं दगडाला सांगितलं असेल! जनाबाईबरोबर विठ्ठल दळायला बसला, असं आपण ऐकत आलो. मला तो चमत्कार वाटत नाही. त्या वेळी, त्या अंधारात, समोरचा खुंटा धरायला कुणीतरी हवंसं वाटणं इतकं खरं आहे की देवाला यावंच लागलं असेल.

आता नीट कान द्या. पुढच्या ओवीत तुमचं नाव आलं. तिने तुमचं नाव घेतलं, ते कशाशी तरी जुळवलं, गोड काहीतरी, झाडाचं किंवा पाखराचं नाव असेल. आणि ती हसली. तुम्हीही हसलात.

ती ओळ मला आठवत नाही. मी तिच्यासाठी रात्री जागून काढल्या आहेत. जात्याची घरघर आठवते, चिमणीची काजळी आठवते, तिचा तळवा आत्ताही हातावर आहे. शब्द गेले.

खुंटा सोडू नका. अजून साडेतेरा वर्षं मागे जायचं आहे, आणि तिथे मी तुमच्याबरोबर नसेन, कारण मी जन्मले नव्हते. जे आजीने सांगितलं आणि बाबांनी सांगितलं, तेवढ्याच्या आधारे तुम्हाला पाठवते आहे.

11 डिसेंबर 1967. तीच वाडी, पण घर वेगळं. दगडमातीच्या भिंती, वर कौलं. मार्गशीर्षातली थंडी आहे. चंद्र केव्हाच मावळला आहे. आजी पस्तिशीच्या आसपास, तिला स्वतःचं जन्मसाल कधीच ठाऊक नव्हतं. तिच्या समोर धाकटी जाऊ. दोघींनी खुंटा धरला आहे, एकीच्या हातावर दुसरीचा. तुम्ही दाराशी बसा. तिथेच तीन पोरं एका वाकळीत झोपली आहेत, त्यातला थोरला, बारा वर्षांचा, माझे बाबा. सासू बाहेर अंगणात पाणी तापवायला जाळ करते आहे. घरातल्या दोन्ही पुरुषांचा मुक्काम मुंबईत. पलीकडच्या भिंतीलगत दोघी जावांची अंथरुणं आहेत, नुकतीच मोकळी झालेली.

कुत्री भुंकतात. एकदम सगळी.

जात्याभोवती पडलेल्या पिठाकडे बघा. आजी नेहमी हेच पहिल्यांदा सांगायची: आवाजाच्या आधी पीठ हललं. दोघींचे हात थांबलेले, जातं थांबलेलं, आणि पीठ मात्र तव्यावरच्या पाण्यासारखं थरथरतंय. वरची पाळी खालच्या पाळीवर दात वाजवल्यासारखी वाजते. मग आवाज येतो, जमिनीखालून. धरणाचं काम चाललं होतं तेव्हा सुरुंग उडायचे, त्याची वाडीला सवय होती. पण सुरुंगाचा आवाज होतो आणि संपतो, हा संपेना. चिमणी कलंडते. अंधार. कौलं कोसळतात, भिंतीचे दगड सुटू लागतात आणि आजीचा आवाज येतो, ओवीतला नव्हे, पोराला विहिरीच्या काठावरून मागे बोलावताना निघतो तसला.

तिने बाबांचं मनगट धरलं आणि ओढत बाहेर नेलं. जावेने धाकट्या दोघांना काखेत मारलं. अंगणात येतात तोवर अंथरुणांवरची भिंत आत पडलेली होती. नाचणी दळायची राहिली म्हणून त्या उठल्या होत्या. झोपलेल्या असत्या तर ही गोष्ट सांगायला कुणी उरलं नसतं.

तेव्हा पहाटेचे 4 वाजून 21 मिनिटं झाली होती. हे पुढे पुस्तकातून कळलं. कोयनेचा तो भूकंप मुंबई-पुण्यातही लोकांना जागं करून गेला. पावणेदोनशेहून जास्त माणसं दगावली, कोयनानगरातली बहुतेक घरं राहण्यासारखी उरली नाहीत. आमच्या वाडीच्या वरच्या आळीत एक घर होतं, आजी त्या घराचं नाव कधी घ्यायची नाही. तिथून जाताना ती पदर डोक्यावर ओढून घ्यायची, एवढंच मी पाहिलं आहे.

पण त्या अंधारात कुणाला भूकंप हा शब्द सुचत नाही. कुणीतरी ओरडतं, "धरान फुटलं!" आणि अख्खी वाडी डोंगराच्या दिशेने धावत सुटते. सहाच वर्षांपूर्वी पानशेत फुटलं होतं, ते सगळ्यांना ऐकून माहीत होतं. तुम्हीही धावा. अनवाणी, करवंदीच्या जाळ्यांतून, अंगावर पिठाचा थर तसाच. वर खडकावर पोचून सगळे खाली बघत बसतात, पाण्याचा लोंढा येण्याची वाट बघत. तो आला नाही. धरणाला तडे गेले, पण धरण उभं राहिलं.

उजाडलं तेव्हा बाबा म्हणाले, "आये, माजा हात दुकतोय."

आजीने त्यांचं मनगट सोडलं आणि तेव्हा तिला दिसलं की तिच्या मुठीत बाबांच्या मनगटाबरोबर खुंटाही आहे. दगडातून तो कधी निसटला, तिला कळलंच नव्हतं. मनगट आणि लाकूड असं दोन्ही एकत्र आवळून ती डोंगर चढली होती. बाबांच्या मनगटावर तो काळा-निळा वळ पुढे कितीतरी दिवस होता.

कराडजवळ हजारमाचीला आता केंद्र सरकारचं संशोधन केंद्र आहे. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करायला तिथल्या शास्त्रज्ञांनी या भागात तीन किलोमीटर खोल भोक पाडलं. मला त्या कामाबद्दल मनापासून आदर आहे. आमच्या घरात त्या पहाटेची एक वस्तू उरली, ती तुमच्या हातात आहे.

पुढचे दिवस भरभर सरकवू. डिसेंबरच्या थंडीत उघड्यावर झोपणं, दर थोड्या वेळाने जमीन हलणं, मग पत्र्याची शेड. मातीतून जातं उकरून काढलं तर वरची पाळी दुभंगलेली. नवं जातं आलं. पाथरवटाने सांगितलं, जुना खुंटा या भोकात बसायचा नाही, नवा करून घ्या, चार आण्याचं काम. आजी ऐकेना. तिने खालचं टोक कुऱ्हाडीने तासून घेतलं. आता तुमचा अंगठा खाली न्या आणि त्या खुणा चाचपा. सात घाव आहेत, मी मोजले आहेत. दगड बदलला, खुंटा तोच राहिला.

1972 च्या दुष्काळात याच खुंट्याने रेशनवरची लाल मिलो दळली. आजी म्हणायची, त्या भाकरीला चव नव्हती, पण तिने मिलोला नावं ठेवलेली मी ऐकली नाहीत. पुढे खाली सडकेला पिठाची गिरणी आली. इंजिनाचा आवाज वाडीपर्यंत यायचा. गिरणीने बायकांचे खांदे वाचवले, पहाटेची दोन तासांची झोप त्यांना परत दिली, आणि ज्यांनी कधी रोज दोन-दोन शेर दळलं नाही त्यांनी जात्याच्या नावाने गहिवरू नये, असं मला वाटतं. मीही दळलेलं नाही. तरी हे खरंच की गिरणीत पीठ पडू लागलं आणि ओवी थांबली. जातं उरलं ते डाळ भरडायला आणि लग्नघरी हळद दळायला. कोयनेच्या पावसात चार-चार दिवस घराबाहेर पडता येत नसे आणि सडकेवरची गिरणी बंद असे, म्हणून आजीने पावसाळ्यापुरतं जातं चालू ठेवलं. मे महिन्यात ती बेगमीचं दळत असायची, तेव्हा तुम्ही तिच्यासमोर बसला होतात.

एक ठिकाण राहिलं. तिथे मला यायचं नव्हतं, पण तुम्हाला इथवर आणलं आहे, तर ते लपवणार नाही.

2009. नवी मुंबईतला काकांचा फ्लॅट, चौथा मजला. आजी पलंगावर आहे. ओळखते, पण ओळख टिकत नाही. पहाटेचे चार. तिच्या उशाशी तुम्ही खुर्चीवर बसला आहात, हातात मोबाइल. तिचा उजवा हात चादरीवर हलतोय. आधी वाटतं, खाजवतेय. मग दिसतं की मूठ वळलेली आहे आणि ती एका लयीत गोल फिरतेय. पुढे गेली की सैल, मागे आली की घट्ट. डावा हात मध्येच उचलून ती हवेत काहीतरी सोडते. वैरण टाकते आहे. ओठ हलतात. कान तोंडाशी नेला तर ओवी ऐकू येते, तुटक, पण चाल तीच, श्वास तिथेच. कदाचित माझं नाव घातलेलीही त्यात असेल.

माझ्या मोबाइलमध्ये आवाज टिपायची सोय होती. मी टिपला नाही. मला वाटलं, सकाळी बरं वाटेल तेव्हा तिला नीट बसवून विचारू. मी तिच्या मुठीत माझं बोट दिलं आणि तिच्याबरोबर हात फिरवत बसले. ते बरं केलं, असं अजूनही वाटतं. दुसरा हात मोकळा होता. तिसऱ्या दिवशी ती गेली.

या राज्यात काही लोकांनी हे काम वेळेवर केलं आहे. साने गुरुजींनी ओव्या जमवून 'स्त्री जीवन'मध्ये छापल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह हजारावर गावं फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, कितीतरी बायकांचे आवाज मुद्रित केले. ते भांडार आता 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतं. मी तिथे तासन्‌तास बसते. एखाद्या अनोळखी बाईचा आवाज दळता दळता श्वास घेतो आणि माझी मान झटकन वर होते. आणि बहिणाबाई! आसोद्याची ती शेतकरीण, लिहिता-वाचता न येणारी. मुलाने, सोपानदेवांनी, तिची गाणी कागदावर उतरवली नसती तर 1951 साली तिच्याबरोबर तीही गेली असती. तिच्या पश्चात, 1952 ला, अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तक निघालं आणि मराठीला ती मिळाली. मध्ये काय होतं? घरातल्या कुणीतरी हातात घेतलेला एक कागद.

हल्ली दुकानांत पितळेची छोटी जाती मिळतात, दिवाणखान्यात ठेवायला. ज्यांना आवडतात त्यांनी ठेवावीत. माझ्या मते ठेवायचीच असेल, तर ज्या वस्तूवर आपल्या माणसाचा हात झिजला आहे ती ठेवावी: मुठीला तेलकट झालेला अडकित्ता, मध्ये पातळ झालेली पळी, वाकडा झालेला चष्मा. असल्या वस्तू घर पाडताना, फ्लॅट बदलताना भंगारात पहिल्या जातात. गावचं घर आवरायची वेळ आली तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी एकदा सगळ्या मुठी हातात धरून बघा.

डोळे उघडा. खुंटा मला परत द्या. तो उशाशीच असतो माझ्या.

आणि तुमची आजी असेल, कुठल्याही गावात, कुणाकडेही, तर या शनिवारी जा. रात्री तिच्याच खोलीत अंथरूण टाका. पहाटे चारच्या सुमारास तिला जाग येतेच, ती नुसती पडून असते. तेव्हा फोनमधलं रेकॉर्डिंग सुरू करा आणि तिला विचारा, दळताना काय म्हणायचीस?